उसन्या शब्दांची पेटी

मी, तनुजा बद्रीनाथ डोणगावकर, वय ७२, अविवाहित, भाषाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने आणि शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. शुद्धीचा दाखला डॉ. मोनिका गाडेकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मी आज सर्व व्यवहार समजण्यास सक्षम आहे, असे त्यात म्हटले आहे. "आज" या शब्दाखालची रेघ डॉक्टरांची नाही, माझी आहे.

घाईचे कारण सांगते. मार्चमध्ये डॉक्टरांनी मला चित्रे दाखवली. किल्ली सांगितली, छत्री सांगितली, बैल सांगितला. चाळणी आली नाही. घरी येऊन ओट्याखालची चाळणी हातात घेऊन उभी राहिले, तरी आली नाही. दुसऱ्या दिवशी दात घासताना आली आणि मी ब्रश तसाच तोंडात धरून रडले. तेव्हापासून मला भीती वाटते. मे महिन्यात तर क्रांती चौकात भर दुपारी घराचा रस्ता कोणता ते सुचेना. एका रिक्षावाल्याने विचारले, "कुठं जायचं, मावशी?" मला सांगता आले नाही. पर्समधल्या विजेच्या बिलावरचा पत्ता वाचून त्याने घरी सोडले.

कलम १. उस्मानपुऱ्यातील राहता फ्लॅट माझा भाचा नव्हे, भाऊ आप्पासाहेब यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा नव्हे, भाचा बहिणीचा असतो. पुतण्याही नव्हे, बाईच्या भावाचा मुलगा तोही भाचाच. हे वाक्य मी खोडणार नाही. असे होते ते वाचणाऱ्याला कळू दे. भाचा इंद्रजीत आप्पासाहेब डोणगावकर, हेच बरोबर आहे. फ्लॅट त्याला मिळावा. तो वाईट नाही. फक्त मागच्या वर्षी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा घर आवरायला म्हणून आला आणि माझ्या दोन पेट्या रद्दीत घालून मोकळा झाला. विचारल्यावर म्हणाला, "आत्या, नुसत्या जुन्या लग्नपत्रिका होत्या त्या. कोणाचं लग्न व्हायचं ऱ्हायलंय आता?" त्या पेट्या काय होत्या ते कलम ३ मध्ये येईल. मी त्याला माफ केले आहे, पण फ्लॅटच्या किल्ल्या पेट्या हलवून झाल्यावरच द्याव्यात.

कलम २. बँकेतील ठेव करमाडच्या शाळेच्या वाचनालयास द्यावी. माझे वडील तिथे मास्तर होते. आईची पैठणी आणि माझे भिंग लाइबा गयास शेख हिला द्यावे. लाइबा कोण तेही पुढे येईल.

कलम ३. शब्दांच्या नऊ पेट्या. शहागंजात गयासभाईंचे जिल्दसाजीचे दुकान आहे. १९८३ साली मी तिथे माझा प्रबंध बांधायला टाकला होता. त्याच दिवशी आफ्रिकेतून इथे शिकायला आलेली पाच मुले आपल्या वह्या बांधून घ्यायला आली होती. एक केनियाचा, एक युगांडाचा, एक झांबियाचा, दोघे आणखी कुठले. आपापल्या वह्या ते आपापल्या भाषेत मोजत होते. तीनवर आले की सगळ्यांचा शब्द जवळजवळ एकच व्हायचा. तातू, तातू, सातू. मी काउंटरवरच बसकण मारली. एकमेकांचे बोलणे न समजणारी, हजारो मैलांवरची मुले, आणि तीनला एक शब्द! म्हणजे कधीतरी त्यांचे पूर्वज एका अंगणात बसून मोजत होते.

पुढची तीस वर्षे मी हेच केले. या शहरात शिकायला येणाऱ्या आफ्रिकन मुलांना चहा पाजायचा आणि शंभर शब्द विचारायचे. पाणी, हाड, डोळा, राख, मरणे. एका भाषेतला ध्वनी दुसरीत नेमाने कसा बदलतो ते जुळवायचे आणि कोण कोणाची बहीण, कोण आत्येबहीण ते ठरवायचे. त्या भाषांच्या कुळाचे मूळ घर आफ्रिकेच्या पश्चिमेला, आजच्या कॅमेरूनच्या बाजूला असावे असे जाणकार मानतात. तिथून लोक हजारो वर्षांत पूर्वेला आणि दक्षिणेला पसरले. विद्यापीठातले लोक विचारायचे, "मलिक अंबरची भाषा का हो मॅडम?" त्याच्या मुलखातल्या भाषांचे कूळच वेगळे, हे मी निदान दोनशे वेळा सांगितले असेल. विचारणाऱ्या सर्वांना या कलमान्वये माफी.

चिठ्ठ्यांसाठी कागद गयासभाईंनी दिला. छापताना चुकलेल्या लग्नपत्रिका ते माझ्यासाठी एका मापात कापून ठेवायचे. म्हणून माझ्या चिठ्ठीवर एका बाजूला अग्नीचे अकरा शब्द आणि दुसऱ्या बाजूला फुलंब्रीचे कोणाचे तरी शुभमंगल. इंद्रजीतने घातलेली रद्दी गयासभाईंनीच शहागंजात ओळखली आणि दोन्ही पेट्या डोक्यावर घेऊन आले. म्हणाले, "बाई, मी कापलेला कोपरा मला कळत नाय व्हय?" या नऊ पेट्या, ज्या विद्यापीठाला त्या नीट ठेवता येतील त्याला लाइबाने द्याव्यात. लाइबा त्यांची नात. संगणक शिकते. वर्षभर रोज दुपारी येऊन तिने एकेक चिठ्ठी स्कॅन केली आहे. मला नानी म्हणते.

कलम ४. दहावी पेटी. हे कलम लिहायला मी तीन दिवस टाळाटाळ केली. भाषा जुळवताना जे शब्द शेजारच्या भाषेतून आलेले दिसतात ते मोजणीतून बाजूला काढतात. हे रास्तच आहे. मी त्यांच्यासाठी एक पेटी केली होती आणि झाकणावर लिहिले होते, "उसने".

१९८७ साली नेहेमिया नावाचा मुलगा बी.कॉम. करायला आला. एका सरोवराकाठच्या छोट्या गावातला. त्याच्या भाषेचे नाव इथे लिहीत नाही, ते पेटीवर आहे. ज्यांचे आहे त्यांनी आधी वाचावे. चौदा महिने तो दर रविवारी यायचा, पोह्यांवर शेव जास्त मागायचा आणि शब्द द्यायचा. बदल्यात त्याने एकच गोष्ट मागितली होती. "मॅडम, काम झालं की एक प्रत आमच्या गावाला पाठवा. मुलांना आमच्या भाषेचं पुस्तक नाही."

त्याच्या शंभरपैकी सत्त्याहत्तर शब्द शेजारच्या मोठ्या भाषेशी चोख जुळले. तेवीस जुळेनात. मी ते उसन्या पेटीत टाकले आणि निबंध लिहिला की ही स्वतंत्र भाषा नाही, त्या मोठ्या भाषेचीच बोली आहे. निबंध गाजला. मी प्राध्यापक झाले.

आता जे लिहिते ते मी कोणालाच सांगितलेले नाही. ते तेवीस शब्द उसने नव्हते. नाळ, राख, हाड, सावली, आईचे दूध, मरणे. बाजारात नवी वस्तू येते तेव्हा तिचा शब्द सोबत येतो, पण आईच्या दुधाचा शब्द सहसा कोणी शेजाऱ्याकडून आणत नाही. उसने होते ते जुळलेल्यांतले बरेचसे. ही माणसे शेजाऱ्यांच्याही आधी, वेगळ्या वाटेने पश्चिमेकडून आली असावीत. शेकडो वर्षांच्या शेजारात त्यांनी वरचे शब्द घेतले आणि आतले जपले. निबंध छापून येण्याआधी चार महिने हे माझ्या लक्षात आले होते. मी पेटीचे झाकण लावले.

१९९४ साली नेहेमियाचे पत्र आले. त्याच्या गावात त्याने आणि मास्तरांनी मिळून पहिलीचे पुस्तक तयार केले होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझा निबंध दाखवून ते थांबवले. बोलीला वेगळे पुस्तक कशाला? शेवटी त्याने विचारले होते, "मॅडम, माझे ते बाकीचे शब्द कुठे गेले?" मी उत्तर दिले नाही. नंतर आणखी दोन पत्रे आली. त्यांनाही नाही.

मला मरणाची भीती वाटत नाही, असे लोक लिहितात. मला त्याचीही वाटते. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. हा आजार चाळणी नेईल, घराचा पत्ता नेईल आणि एक दिवस हेही नेईल. मी केलेले मलाच आठवणार नाही. मी खिडकीशी बसून निर्धास्त हसेन, लोक म्हणतील बाईंचे मन किती स्वच्छ आहे, आणि तिकडे ते खोटे तसेच उभे राहील. मला असे निष्पाप होऊन मरायचे नाही. म्हणून रोज सकाळी चहाआधी मी ते तेवीस शब्द मोठ्याने म्हणते. सोमवारी एकवीस आले.

तरी असे लिहून ठेवते की माझ्या मृत्यूनंतर दहावी पेटी, सोबत माझी कबुली, नेहेमियाच्या गावी पाठवावी.

कलम ५. कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. कारण असे. आज दुपारी मी लाइबाला ते कलम वाचायला दिले. तिने पूर्ण वाचले. पाने सरळ करून टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघतही नव्हती. मला वाटले, गेली ही पोरगी हातातून. मग म्हणाली, "नानी, तुम्ही मेल्यावर कायकू? आजच पाठवू ना."

मी म्हणाले, मृत्युपत्र तसेच असते.

"व्हय, पण मग तुम्हाला कोण काय बोलणार? तुम्ही तर नसणार इथं."

चाळीस वर्षे शिकवले, पण असे तोंडावर कोणी बोलले नव्हते. खरे आहे ते. मी मरणाच्या आड लपायला निघाले होते. कबुली सहीनिशी लिहून दिली. लाइबाने तेवीस चिठ्ठ्या आणि कबुली, दोन्ही स्कॅन करून पाठवल्या. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला एक प्रत, आणि त्या गावच्या शाळेत शिकवणाऱ्या नेहेमियाच्या मुलीला एक. तिचा पत्ता लाइबाने चिठ्ठ्यांवरचे नेहेमियाचे नाव बघून महिन्यापूर्वीच शोधला होता. वडील हयात आहेत का, हे मी लाइबाला त्या मुलीला विचारू दिले नाही. मला धीर झाला नाही. मूळ पेटी गयासभाईंनी कापडात बांधून त्याच गावच्या पत्त्यावर पोस्टात टाकली. पावती सोबत आहे.

कलम ६. उत्तर येईल किंवा येणार नाही. आल्यास आणि तोवर मी समजण्याच्या पलीकडे गेले असल्यास, ते लाइबाने मला मोठ्याने वाचून दाखवावे. मी मध्येच चहा मागेन, नेहेमिया कोण म्हणून विचारेन. तरी शेवटपर्यंत वाचावे. त्यात शिव्या असतील तर गाळू नयेत. त्या माझ्या आहेत, वारसांत वाटता येणार नाहीत.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५

(सही) तनुजा बद्रीनाथ डोणगावकर

साक्षीदार:

१. डॉ. मोनिका गाडेकर. वरील सही माझ्यासमक्ष झाली. लिहिणाऱ्या शुद्धीत होत्या.

२. गयास अहमद शेख, जिल्दसाज, शहागंज. सही माझ्यासमोर केली. सहीच्या आधी बाईंनी ते तेवीस शब्द म्हटले. एकोणीस आले. मग बाई घाबरून थांबल्या. बाकीचे चार लाइबाने म्हटले.