गिळलेली कॅप

मंगळवार, ऑक्टोबर २००६

दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पोळी खाताना दाढेवरची कॅप निघाली आणि घासाबरोबर गिळली गेली. लगेच ठसका लागला, तो थांबेचना. पोटात गेली असेल तर ठीक, पण श्वासनलिकेत अडकली असेल तर? हिंजवडीहून बसमध्ये मी स्वतःचा श्वास ऐकत बसले होते. घरी न जाता थेट सदाशिव पेठेत, दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

"खोकला अजून येतोय?"

"मधूनमधून."

"मग इथे बसू नका. आधी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढून आणा."

एरवी टोमण्याशिवाय न बोलणारे डॉक्टर सरळ बोलले, त्याचीच जास्त भीती वाटली.

एक्स-रेमध्ये कॅप पोटात दिसली. तो पाहून डॉक्टर म्हणाले, "चार-सहा दिवसांत शौचावाटे आपोआप बाहेर पडेल. पोट दुखलं, उलट्या झाल्या, तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा."

आता पोटात टोचतंय, की मीच तसं वाटून घेतेय?

नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला आणि मऊ भात टाकायला उठला. तेव्हा कुठे मला रडू आलं.