टोपलीवरची पुडी

मखमलाबाद,
८ एप्रिल २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस, आप्पाचे भरभरून आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस आणि माझ्या कानात नुसती घरघर होते, म्हणून झुंबरच्या टेम्पोतून फुलांबरोबर चिठ्ठी पाठवतोय. इंदिरानगरला यायला त्याला वाकडी वाट पडते, तेव्हा चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस.

सनीच्या लग्नाला दोन महिने झाले, पण सूनबाईचा जीव इथे रमत नाही. सनी पहाटेच कंपनीत जातो, त्याला काय दिसणार? तू इथे होतीस तेव्हा तुझ्या वेणीसाठी पहिल्या तोड्याच्या मोगऱ्याची पुडी ठेवायचो ना, तशीच आता हेमलतासाठी ठेवतो. हातात द्यायला संकोच वाटतो, म्हणून बाजारच्या टोपलीवर. ती रोज पुडी सोडते आणि कळ्या टोपलीत ओतून मोकळी होते. केसांत एक कळी नाही.

आखाजीच्या सणाला ती माहेरी, पेठला जाणार आहे. परत आलीच नाही तर? मला भीती वाटते, पोरी. तुझी आई असती तर सरळ विचारून मोकळी झाली असती.

कळावे. जावईबापूंना आशीर्वाद, तुझा लोभ आहेच.
तुझा आप्पा

इंदिरानगर,
११ एप्रिल २०२५

ती. आप्पांना भाग्यश्रीचा शि. सा. नमस्कार. इकडे सगळे खुशाल.

कोणती कळी उद्या उमलेल ते तुम्ही बांधावरून सांगता, घरातलं मात्र तुम्हाला कळत नाही! मी हेमलताला फोन केला. आधी रडली, मग बोलली. टोपलीवर ठेवलेला माल बाजारचाच, त्याला हात कसा लावायचा, असं तिचं म्हणणं. टोपलीत ओतायची राहिलेली पुडी समजून ती नेमाने कळ्या आत टाकते. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, विकायचं फूल डोक्यात घालायचं नाही म्हणून?

आता दुसरं ऐका. तुम्ही उपाशीपोटी मळ्यात जाता, म्हणून ती रोज अंधारात उठून नागलीची भाकरी करते आणि फडक्यात बांधून तुमच्यासाठी ठेवते. कुठे? त्याच टोपलीवर! सासऱ्यांना हाक मारायला ती लाजते आणि मारली तरी तुम्हाला ऐकू येत नाही. ती भाकरी तुम्ही उचलून झुंबरला देता. डोंगराकडची भाकरी मामंजींना चालत नाही, असा तिने अर्थ लावला. झुंबरचं पोट सुटलंय ते उगाच नाही.

आप्पा, पुडीची जागा बदला. बाकी मी काही सांगत नाही.

लोभ आहे तसाच राहू द्यावा, ही विनंती.
तुमची भाग्यश्री

मखमलाबाद,
६ मे २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. भाकरी बाजारच्या टोपलीवर, म्हणजे ती झुंबरसाठीच, असं मी धरून चाललो; दोन महिने तो तिची तारीफ करायचा आणि मी मान हलवायचो. दुसऱ्याच दिवशी पुडी स्वयंपाकघरात, तिच्या परातीत ठेवली आणि टोपलीवरची भाकरी तिच्यासमोर बसून खाल्ली. अर्धीच खाणार होतो, सगळी संपवली. दुपारी तिच्या केसांत गजरा होता.

आखाजीला गेली तेव्हाही होता. पाच दिवस मी पुडी परातीत ठेवत राहिलो, कळ्या तिथेच सुकल्या.

काल ती आली. सनीच्या खांद्यावर गोणी होती, नागलीच्या पिठाची. पावसाळा काढेल एवढी.

आता झुंबर घरून डबा आणतो आणि माझ्याशी धड बोलत नाही. चहात त्याला दोन बिस्किटं जास्त दे.

लोभ वाढता ठेव.
तुझा आप्पा