देवाच्या पायाला लावलेला शर्ट

शनिवार, १४ डिसेंबर
धर्मशाळा, वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली

ती. वन्संना,

नमस्कार. आम्ही दोघी सुखरूप आहोत. तिकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालते. आईंचा गुडघा बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतात, म्हणजे मी हातावर ठेवते आणि त्या तोंड वाकडं करून गिळतात. जेवण बेताचं, झोप मात्र भरपूर. आत्ताही दुपारचं जेवून आडव्या झाल्यात आणि असं घोरतायत की शेजारच्या खोलीतल्या काकूंनी मघाशी भिंतीवर थाप मारली.

तुमचे फोनवर फोन येतायत, ते मी बघते आहे. उचलत नाही म्हणून रागावू नका. खोली एवढीशी, दोन खाटा आणि मध्ये आमच्या चपला. आईंच्या समोर तुमच्याशी काय बोलणार? नुसतं "हो, नाही, बघू" करत राहिले तर त्यांना संशय यायचा. त्यांचे कान किती तिखट आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी टाकते. आमची बस रमतगमत परतणार आहे, तेव्हा ते आमच्या आधी पोचेल.

तुम्ही सोपवलेल्या कामाचं पुढे लिहिते. आधी देवदर्शनाचं.

इथे समुद्राला मिळायच्या आधी नदी एवढ्या फाट्यांत फुटते की त्यातली मूळ नदी कोणती, हे इथल्या लोकांनाही सांगता येत नाही. देवळं या फाट्यांच्या मधल्या बेटांवर आहेत. बसने धक्क्यापर्यंत जायचं, मग नावेत बसायचं, मग चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून तोल सांभाळत जायचं, तेव्हा कुठे देव दिसतो. सगळी देवळं विटांची, कारण इथे दगडच नाही. भिंतीभर भाजक्या मातीची चित्रं आहेत: हत्ती, होड्या, वेणी घालत बसलेल्या बायका. फार जुनी आहेत म्हणे. पावसापाण्याने सगळ्यांची नाकं झिजलीत. आई म्हणाल्या, "बरं झालं, कुणी नाक वर करून बसायला नको."

आमच्या गाइडचं नाव आईंनी भोंगा ठेवलंय. तो हातात कर्णा धरून शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ओरडून माहिती देतो. आणि त्या शेजारच्या खोलीतल्या काकू, त्या प्रत्येक देवळात शिरताना आधी विचारतात, "इथे बाथरूम कुठे आहे?" काल आई त्यांना म्हणाल्या, "अहो, आधी देवाला हात जोडा, तुमची बाथरूम काही पळून जात नाही!" सगळा घोळका हसला. मीही हसले. तोंडाला हसायला शिकवावं लागत नाही, वन्सं. ते आपलं आपण हसतं.

पहिल्या देवळात एक गोष्ट झाली ती सांगते.

आईंनी त्यांच्या पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली. आत घडी केलेला शर्ट होता. यांचा, निळ्या चौकड्यांचा. बोटीवर जायच्या दिवशी अंगातून काढून खुंटीला अडकवलेला. आई पुजाऱ्याला म्हणाल्या, "मुलगा बोटीवर असतो, त्याला काही यायला जमत नाही. त्याचा शर्ट तरी देवाच्या पायाला लावा." पुजाऱ्याने लावला, वर एक फूल ठेवलं आणि परत दिला.

मी विचारलं, "आई, हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"तुझ्या कपाटात! अगदी तळाशी, शालीत गुंडाळून ठेवलेला. काय अवतार होता त्याचा. घामाचा वास, डिझेलचा वास. असा कसा न्यायचा देवाकडे? दोन पाण्यांतून काढला, कडक इस्त्री केली. अगं, दिवसभर लाँड्रीत जगाचे कपडे धुतेस आणि स्वतःच्या नवऱ्याचा शर्ट मळका ठेवतेस? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मी म्हटलं, "राहून गेला."

राहून गेला नव्हता, वन्सं. त्यांच्या अंगाचा वास घरात तेवढाच उरला होता. आई रात्री झोपल्या की मी कपाट उघडायची, शालीत नाक खुपसायची आणि कपाट बंद करायची. रोज नाही, पुरवून पुरवून. आता त्या शर्टाला आमच्या साबणाचा वास येतो. लाँड्रीत हातावरून जाणाऱ्या कुठल्याही शर्टाला येतो तसाच.

मला त्या वेळी काहीतरी व्हायला हवं होतं. रडू, राग, काहीही. आईंवर खेकसले असते तरी चाललं असतं. मी काय केलं सांगू? कॉलर आत दुमडली होती, ती सरळ केली आणि शर्टाची पुन्हा नीट घडी घातली. आई म्हणाल्या, "घडी घालावी तर तूच."

त्यानंतर प्रत्येक देवळात तोच कार्यक्रम. शर्ट बाहेर, देवाच्या पायाला, परत पिशवीत. संध्याकाळी खोलीवर आलं की मी त्याच्यावरचं कुंकू आणि फुलांच्या पाकळ्या झटकते.

आता तुमच्या कामाचं.

निघताना तुम्ही मला जिन्यात गाठून बजावलंत, "डॉक्टर म्हणाले आता सांगायला हरकत नाही. शेवटच्या देवळात, देवापुढे, तिचा हात धरून सांग. तिथे तिला धीर येईल." तुमचं काही चुकलं नाही. आईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात तिकडे गाळ काढायच्या बोटीवर ते झालं. तेव्हा सांगितलं असतं तर एकाच्या मागोमाग दुसरं. भावोजी तिकडे धावले, सगळं उरकून आले. बोट लांबच्या कंत्राटावर गेली, तिथे फोन लागत नाही, असं तुम्ही आईंना सांगितलंत. मी मान डोलावली. कपाळावरची टिकली तशीच ठेवली. आई घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले, कारण मी घरी बसले असते तर त्यांनी विचारलं असतं, का बसलीस?

तुम्ही सगळे तुमच्या घरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडलात. मी दवाखान्यात आईंच्या उशाशी होते. भावोजींचा फोन आला तेव्हा सलाइन संपत आलं होतं आणि मी नर्सला हाक मारत होते. ते म्हणाले, "वहिनी, मन घट्ट करा." मी केलं. पुढचं त्यांनी सांगितलं ते एका कानाने ऐकलं, दुसऱ्या कानाने नर्स येतेय का याची चाहूल घेतली. मन तेव्हापासून तसंच घट्ट आहे. सैल कसं करायचं ते कुणी सांगितलं नाही.

आमच्या लाँड्रीत मागे एक दांडी आहे. लोक कपडे टाकून जातात आणि न्यायला येतच नाहीत, ते त्या दांडीवर. मालक म्हणतात, राहू दे, येईल माणूस. एक कोट तर मी लागले तेव्हापासून तिथे आहे. दर काही दिवसांनी मी त्याची धूळ झटकते. कुणाचेच नाहीत आणि टाकूनही दिलेले नाहीत, असे ते कपडे. यांनाही मी त्या दांडीवर टांगलंय, वन्सं. काल मला ते कळलं.

काल शेवटचं देऊळ झालं. नदीने वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला आणि ते अर्धंअधिक पुरलं गेलं. जमिनीवर नुसती दाराची कमान दिसते. लोकांनी गाळ उपसून पायऱ्या केल्यात, विहिरीत उतरावं तसं देवाकडे उतरायचं. भोंगा कर्ण्यातून गाळ, गाळ करत होता आणि मला यांचाच आवाज ऐकू येत होता. "आमची बोट आणा, दोन दिवसांत मोकळा करतो देव!" असंच म्हणाले असते. कुठल्याही पाण्याजवळ नेलं की त्यांना आधी गाळ दिसायचा. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा समुद्रावर गेलो तेव्हाही तेच.

मी ठरवूनच उतरले होते. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. "आई, मन घट्ट करा." दुसरं मला येत नव्हतं.

आत गारवा होता आणि समया. पुजारी म्हातारे, त्यांना ऐकू कमी येतं. म्हणाले, "काय मागायचं ते मोठ्याने मागा. देव एवढा खोल गेलाय, त्यालाही नीट ऐकू येत नाही." आईंना तेवढंच हवं होतं. शर्ट देवापुढे ठेवला, हात जोडले आणि ठणठणीत आवाजात सुरू केलं.

"देवा, मुलगा यायचा तेव्हा येईल. त्याला काम आहे, मी समजू शकते. माझं तेवढ्यासाठी अडलेलं नाही. पण या दोघांचं काहीतरी बिनसलंय, ते तेवढं मिटव. ही पोर बोलत नाही, चिडत नाही, त्याचं नावसुद्धा काढत नाही. चूक त्याचीच असणार, मी ओळखते माझ्या लेकाला. तो आला की मी त्याचे कान धरीन. पण तोवर हिच्या मनातली अढी काढ."

पुजाऱ्यांनी मलाही विचारलं, "तुम्हाला काय मागायचंय?" मी घंटा वाजवली आणि बाजूला झाले.

वर येताना त्यांचा हात मी धरलेलाच होता, तुम्ही सांगितल्यासारखा. मधल्या पायरीवर त्या दम खायला थांबल्या. मी म्हटलं, "आई, एक सांगायचं होतं."

"सांग की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर एवढी आशा होती वन्सं! त्यांना वाटलं, देवाने लगेच ऐकलं, आता ही पोर भांडण काय झालं ते सांगणार.

मी म्हटलं, "पायरी ओली आहे. जपून."

तुम्ही म्हणाल, घाबरट. म्हणा. पण मी भ्यायले नव्हते, तेवढंसुद्धा मला वाटत नव्हतं. मी त्याच्या पुढचं वाक्य शोधत होते आणि ते सापडेना. जे मला स्वतःलाच कुणी धड सांगितलेलं नाही, ते मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? हे पत्र वाचून बघा. एवढी पानं लिहिली, पण बोटीवर "ते झालं" याच्या पलीकडे माझा हात गेलेला नाही.

परतताना नावेत आई माझ्या शेजारी बसल्या. शर्ट मांडीवर होता. काकू आणि भोंगा पुढच्या टोकाला कशावरून तरी वाद घालत होते. आई हळूच म्हणाल्या, "मला काय कळत नाही होय? पूर्वी त्याच्या फोनला एक दिवस उशीर झाला की भांडी आपटायचीस. येऊ दे घरी, दाखवते, म्हणायचीस. मला बरं वाटायचं ते ऐकून. आता एका शब्दाने विचारत नाहीस. अबोला धरलाय तुम्ही दोघांनी. नवरा-बायकोच्या मध्ये सासूने पडू नये, पण एक ऐक माझं. फोन लागायला लागला की तूच आधी बोल. आधी बोलल्याने कुणी लहान होत नाही."

मी म्हटलं, "बोलेन."

"वचन?"

"वचन."

मग त्यांनी शर्ट माझ्या हातात दिला. "आता हा तूच ठेव. आणि परत मळका ठेवू नकोस." मी तो नाकाला लावून बघितला. कापराचा आणि गंधाचा वास येत होता. यांचा नाही. पाणी संथ होतं, कडेला माणसं जाळी सुकवत होती, आणि मी एवढंच बघत राहिले की कुठला फाटा कुठून येतोय.

वन्सं, तुम्ही थोरल्या. मला हे काम दिलंत, ते माझ्यावर विश्वास म्हणून दिलंत हे मला कळतं. पण मला ते जमणार नाही. पुढेही जमणार नाही. मी सांगितलं नाही तर आई रोज माझ्या आणि यांच्या भांडणासाठी देवाला हात जोडत राहतील, आणि मी रोज टिकली लावून कामावर जात राहीन, आणि असेच आम्ही दोघी म्हाताऱ्या होऊ. मला त्याचीही भीती वाटत नाही. हेच मला बरं लक्षण वाटत नाही.

आई जाग्या झाल्या. कुणाला लिहितेस म्हणून विचारलं. तुमचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "थोरलीला माझा आशीर्वाद लिही, आणि लिही की सगळी देवळं मनासारखी झाली." तर तसं लिहिलं आहे.

आम्ही पुढच्या रविवारी दुपारपर्यंत घरी पोचतो. तुम्ही या. भावोजींनाही आणा, ते तिकडे जाऊन आलेत. दारात उभ्या उभ्या नको. आत या, बसा, पाणी घ्या, आणि जे झालं ते पहिल्यापासून, त्याचं नाव घेऊन, आम्हा दोघींना सांगा.

आधी मला सांगा. म्हणजे त्यांना धरायला मी असेन.

तुमच्या भावाची बायको