पास्टरांची प्रार्थना आणि तुझं तमिळ

आई,

तू त्या अमेरिकन पाहुण्यांची दुभाषी झालीस, त्या जून महिन्याबद्दल आपण दोघी कधी नीट बोललोच नाही. विषय निघाला की तू "पुरे गे" म्हणून उठायचीस आणि कॉफीचं डिकॉक्शन उतरलं का ते बघायला आत जायचीस. आता तुला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि मधेच उठून जाण्याची तुझी सोय राहिलेली नाही. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगते.

त्या वर्षी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आपल्या मराठी गल्लीच्या तोंडाशी पहिला एसटीडी बूथ उघडला होता. शेजारच्या गच्चीवर केबलची मोठी छत्री बसली होती. मी बी.एस्सी. होऊन कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते आणि घरी आल्यावर तिथे काय शिकले ते कोणालाच सांगता येत नव्हतं. बाहेरचं जग असं थोडं थोडं आत येत होतं, पण ते आपल्या दारापुढच्या ओट्यावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी तंजावूरच्या एका चर्चचे वयस्क गृहस्थ आले, चपला काढून ओट्याच्या कडेला टेकले. ओरत्तनाडूजवळच्या ज्या गावात तू शाळेत इंग्रजी शिकवायचीस, तिथे अमेरिकेतल्या एका चर्चची माणसं येणार होती. मदतीचं सामान वाटणार, शाळेला एक खोली बांधून देणार, संध्याकाळी गावासाठी प्रार्थना करणार. आणि ऐन वेळी त्यांच्या दुभाष्याला कावीळ झाली होती. "टीचर, त्या गावाला ओळखणारं आणि इंग्रजी बोलणारं तुमच्याशिवाय कोण आहे?" ते म्हणाले.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे तुझ्या तोंडून त्यांचा देव बोलणार."

"इतकी वर्षं मी वर्गात इंग्लंडच्या राजाराणीचे धडे सांगते आहे," तू म्हणालीस. "म्हणून राणी झाले काय?"

दुसऱ्या दिवशी तू नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलंस, केसांत मोगऱ्याचा अख्खा गजरा माळलास आणि लग्नाकार्याला नेसायचीस ती अंजिरी साडी नेसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "कोण बोलते आहे ते त्यांस कळायला हवं." मला सोबत घेतलंस, कारण पाहुण्यांत एक तरुण मुलगी होती आणि तिला गावातल्या बायका गराडा घालतील अशी तुला काळजी होती. गराडा घातला तो खरा, पण तिने सगळ्यांच्याकडून वेणी घालून घेतली आणि दिवसभर खुशीत राहिली.

त्यांचे पास्टर, म्हणजे धर्मगुरू, चांगला उंच, लाल चेहऱ्याचा, पन्नाशीचा माणूस. घामाने निथळत असायचा, तरी जो भेटेल त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवायचा. पहिल्या सकाळी सामान उघडलं. साबण, टूथब्रश आणि एक मोठं खोकं भरून जुने चष्मे. तिकडच्या लोकांनी वापरून झालेले चष्मे इथल्या गरिबांसाठी दिले होते. शाळेच्या पटांगणात सगळं गाव चष्मे लावून लावून भाताच्या शेतांकडे बघतं आहे, हे चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. एका म्हातारीने टोकं वर उचललेला गुलाबी चष्मा निवडला. पास्टरांनी विचारलं, नीट दिसतं का. तू विचारलंस. म्हातारी म्हणाली, "आधी निदान बांध दिसत होता, आता तोही नाही. पण हा मी देणार नाही." तू पास्टरांकडे वळून शांतपणे म्हणालीस, "ती म्हणते, तिला हा फार आवडला." तिथेच मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी चिंचेखाली सभा. पास्टर म्हणाले, मी एके काळी वाट चुकलो होतो. तू तमिळमध्ये सांगितलंस, हे गृहस्थ एकदा हरवले होते. बायका कळवळल्या. एकीने विचारलं, "जत्रेत का?" तू तो प्रश्न तस्सा इंग्रजीत विचारलास. पास्टर गडबडले आणि म्हणाले, नाही, दारूमुळे. हे तू सांगताच मागे बसलेले पुरुष हळूहळू उठायला लागले आणि बायकांनी त्यांना दंडाला धरून सगळ्यांत पुढे आणून बसवलं. पास्टरांचा आवाज भरून आला. इतके पुरुष आपण होऊन पुढे आलेले त्यांनी कुठल्याच देशात पाहिले नव्हते. पुढे ते "मी अँड माय वाइफ" असं काहीतरी म्हणाले, तेव्हा तू भाषांतर थांबवून "माय वाइफ अँड आय" असं दुरुस्त केलंस. त्यांनी ते वाक्य पुन्हा, बरोबर म्हटलं. मग तू पुढे गेलीस.

आता खरी गोष्ट. तुझ्या वर्गातली ती मुलगी तुला आठवत असेलच. दहावीला गावात पहिली आली होती. पुढच्या शाळेसाठी ओरत्तनाडूला जावं लागणार म्हणून तिला घरी बसवलं होतं आणि सख्ख्या मामाशी तिचं लग्न ठरत होतं. तिकडे ते रीतीला धरूनच होतं. मामाचं खतांचं दुकान होतं आणि तो तिच्यापेक्षा निदान बारा-पंधरा वर्षांनी मोठा होता. तू दोनदा तिच्या घरी जाऊन आली होतीस. तिच्या वडिलांनी तुला ताक दिलं, पंखा लावला आणि "बघू टीचर" एवढंच म्हटलं. गावातलं ते मोठं शेतकरी घर, त्यांच्यापुढे कोण बोलणार? तू परत आलीस की जेवताना त्यांचं नाव न घेता भातावर राग काढायचीस.

दुसऱ्या संध्याकाळी पास्टरांनी सांगितलं, ज्यांना काही दुःख असेल त्यांनी पुढे यावं, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन. रांग लागली. एकीची गाय दूध देत नव्हती. एकाची तक्रार होती की सकाळची बस गावात थांबेनाशी झाली आहे. पास्टरांनी डोळे मिटून बससाठीही प्रार्थना केली, आणि तू तिचं भाषांतर करून वर "आणि कलेक्टर ऑफिसात अर्जही द्या" हे जोडलंस. मग त्या मुलीचे वडील आले. त्यांचा गुडघा दुखत होता. त्यांना आधार द्यायला ती मुलगी शेजारी उभी, मान खाली.

पास्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या माणसाला चालायचं बळ दे, याच्या घरावर आणि मुलाबाळांवर कृपा कर, असं काहीतरी ते म्हणाले. तेवढंच. मला इंग्रजी कळत होतं, मी शेजारीच उभी होते. आणि तू तमिळमध्ये बोलायला लागलीस. "देवा, या माणसाचा गुडघा बरा कर. याच्या घरी एक मुलगी आहे. ती माझ्या वर्गात पहिली आली. ती चुलीपुढे बसून राहिली तर याचा गुडघा बरा होऊन तरी हा कुठे जाणार आहे? तिला ओरत्तनाडूच्या शाळेत घालायची बुद्धी याला दे. लग्न दोन-चार वर्षांनी झालं तर काही बिघडत नाही, हेही याला कळू दे." आणि मग, अगदी पास्टरांच्या सुरात, "आमेन."

सगळं गाव एका आवाजात आमेन म्हणालं. आदल्या दिवशी नवऱ्यांना पुढे आणून बसवणाऱ्या बायकांनी तर दोनदा म्हटलं. पास्टरांनी दचकून डोळे उघडले. मुलीच्या वडिलांनीही उघडले, पास्टरांकडे पाहिलं, मग तुझ्याकडे.

"टीचर, माझ्या मुलीचा नंबर या गोऱ्यांना कसा ठाऊक?"

"मज काय ठाऊक," तू म्हणालीस, आणि तेही मराठीत. घाबरलीस की तुझी घरची भाषा बाहेर पडायची.

त्यांनी वाकून दुखरा गुडघा चोळला. मग साऱ्या गावापुढे म्हणाले, "बरं. घालतो शाळेत." आणि लंगडत निघून गेले.

व्हॅनमधून परत येताना कालव्याच्या कडेची नारळाची झाडं मागे पळत होती. पास्टर म्हणाले, "मॅडम, माझी प्रार्थना लहान होती. तुमची बरीच लांब झाली."

"तमिळ भाषाच लांब आहे," तू म्हणालीस.

थोड्या वेळाने तुझं तुलाच राहवेना. तू त्यांना सगळं सांगितलंस, शब्द न शब्द. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी प्रार्थना करतो तेव्हा ते शब्द मी एकाला उद्देशून बोलतो. तो ऐकतो आहे असं मी मानतो. तुम्ही त्याच्या जागी दुसरंच काही ठेवलंत." फार हळू आवाजात म्हणाले. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. वर्गात मुलींना बोल लावणारी माझी आई, तिला कोणी बोल लावलेला मी पहिल्यांदा ऐकत होते. उतरताना तेवढं म्हणालीस, "तुमचं बरोबर आहे. पण मुलगीही हुशार आहे."

ते दाराशी थांबले. "उद्या मीच तिच्यासाठी प्रार्थना करीन. पण तुम्ही शब्दाला शब्द सांगायचं."

आणि तू सांगितलंस. दुसऱ्या दिवशी पास्टर खरंच त्या मुलीच्या शिक्षणासाठी मनापासून बोलले. तू इतकं प्रामाणिक, शब्दाला शब्द भाषांतर केलंस की ते तमिळ राहिलंच नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. आमेन फक्त पास्टरांनी आणि तू म्हटलंत. पास्टरांनी सुस्कारा टाकला आणि तुझ्याकडे वळून म्हणाले, "उरलेलं तुमच्या पद्धतीने करा."

एवढं तुलाही ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही ते पुढचं. यंदा तुझ्या श्राद्धाला मी पुण्याहून तंजावूरला गेले होते, तेव्हा ती भेटायला आली. गुरांची डॉक्टर आहे ती आता. रबरी बुटांतच आली, ओट्यावर बसली आणि कॉफी पिता पिता हसायला लागली. म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मी मान वर केली नाही, कारण मला हसू आवरत नव्हतं. इंग्रजी मला टीचरनीच शिकवलं होतं. त्या गोऱ्यांनी काय म्हटलं ते मला सगळं कळलं होतं. आणि पुढचं बोलणं टीचरचं आहे हे तर साऱ्या गावाने ओळखलं होतं."

"आणि तुझे वडील?" मी विचारलं. "त्यांना खरंच वाटलं?"

"अप्पांना? घरी जाताना रस्त्यात अप्पा म्हणाले, टीचरनी बरं केलं. त्यांना ते लग्न नकोच होतं, अक्का. पण मामाला नाही कसं म्हणणार, अम्मा घर डोक्यावर घेईल. त्या रात्री त्यांनी मामाला सांगितलं, मी काय करू, परदेशाहून माणूस आला आणि साऱ्या गावापुढे त्याच्या देवाने माझ्याकडून कबूल करून घेतलं. मामा कोणाशी भांडणार?"

गुडघा मात्र त्यांचा शेवटपर्यंत दुखत राहिला, असंही तिने सांगितलं.

तर तुझं ते कारस्थान, ज्याच्यासाठी तू पास्टरांचं बोलणं ऐकून घेतलंस आणि मग जन्मभर त्या विषयावरून उठून गेलीस, ते सगळ्या गावाला कळलेलं होतं. फसले असतील तर एकटे पास्टर, तेही फक्त व्हॅनमध्ये बसेपर्यंत.

हे सगळं मला तुझ्यासाठी इंग्रजीत लिहिता आलं असतं. मी मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. घरी आपण मराठी नुसती बोलायचो; ही लिपी मी लग्नानंतर पुण्यात शिकले, तुला ती कधीच वाचता आली नाही, त्यामुळे एक गोष्ट निर्धास्तपणे सांगता येते. शेवटच्या संध्याकाळी पास्टर म्हणाले, सगळ्यांनी डोळे मिटा आणि मनातली एक गोष्ट मागा. तू तेवढंच भाषांतर केलंस, जास्त काही जोडलं नाहीस. मीही डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात कोइम्बतूरचे ते लोक मला बघायला येणार होते, तू तंजावूरभर ज्यांचं कौतुक सांगत होतीस ते. मी मागितलं, त्यांच्याकडून नकार येऊ दे. आला. तू वर्षभर त्या मुलाच्या आईला नावं ठेवलीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून शेंगा सोलत, होय होय म्हणत राहिले.