ओढ्यापलीकडचा कोरा कागद

गुरुवार, संध्याकाळ

आमची सून वैशाली कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. परवा तिनं पुस्तक मिटलं आणि पोरांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला लावला. शाहूवाडीकडच्या एका मुलीनं देऊळ, शाळा, डेअरी सगळं काढलं, फक्त स्वतःचं घर नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "मग तू ऱ्हातीस कुठं गं?" तेव्हापासून ती वर्गातच आली नाही.

"आबा, माझंच चुकलं," वैशाली म्हणाली. चहा तसाच निवला.

मला मात्र राहवेना. घर का राहिलं असेल? मी सातवी शिकलेला, पण गावाचा नकाशा काय, कुणीबी काढेल की! पेन्सिल घेतली. तालीम, विहीर, आमची गल्ली झरझर उतरली. ओढ्यापाशी हात थांबला. पलीकडच्या वस्तीतली माणसं आमच्या शेतात राबायची, एकेकाला नावानं ओळखायचो. पण त्यांच्या दारात मी कधी गेलोच नव्हतो. कागद तेवढा कोरा राहिला. त्या पोरीचं घरबी अशाच कुठल्या ओढ्यापलीकडं असेल का?

वैशालीला म्हटलं, "त्या पोरीला फोन कर. म्हणावं, आमच्या म्हाताऱ्याचा नकाशा चुकलाय, तपासायला ये."

"येईल, आबा?"

काय माहीत. पण समजा आली आणि तिनं विचारलं, "आबा, ओढा ओलांडायला तुम्हाला काय झालं होतं?" तर काय सांगू? मघापासून उत्तर शोधतोय.