चारही टायर उजवेच

ती. दाजी,

विक्रमचा वाकून नमस्कार. (गाडी इतकी बसकी हाय, की हल्ली मी वाकलेलाच असतो.) तुमची शुगर, पोरांचे पेपर, म्हशीचं दुखणं, सगळं बरं असंल. अक्काची तब्येत विचारत न्हाई. राग शाबूत हाय म्हंजी तब्येत ठणठणीत असणार.

झालं ते माझ्याच शहाणपणानं झालं, दाजी. ती दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली तवाच अक्काला शब्द दिला हुता, शेजारच्या सीटवर पहिली तूच. भाऊबिजेला केडगाव टेशनावर न्यायला येतो म्हणलं. पण टायरला पार टक्कल पडलेलं. शोरूमचा भाव ऐकून मी फोन कानापासून लांब धरला, आन् भाऊबिजेच्याच सकाळी शिरूरच्या इब्राहिमचाचांच्या टायरच्या दुकानात गेलो. चाचांनी बरोब्बर मापाचे, नवेकोरे टायर निम्म्या भावात काढले. तिथंच मला शंका आली. बघतो तर चारहींवर मापाच्या आकड्यांत इंग्रजी आर!

आता तुम्हाला म्हाईतच हाय, सणसवाडीच्या कंपनीत मी गाड्यांचे आरसे तपासतो. आर म्हंजी राइट, एल म्हंजी लेफ्ट. आठ वर्षांत एक पीस चुकला न्हाई. म्हणलं, म्हातारा उजव्या बाजूचा पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारतोय. दोन डावे द्या म्हणालो. चाचा म्हणाले, बेटा, टायर हाय, चप्पल न्हाई. मी तरातरा निघालो. न्हावरा, चौफुला, थेट दौंडपर्यंत डावे टायर हुडकले. (प्रत्येक दुकानदार आतल्या माणसाला बोलवायचा आन् मला परत विचारायला लावायचा.) शेवटी दौंडला एकानं सांगितलं, आर म्हंजी रेडियल, टायरच्या बनावटीचं नाव.

फोन कंपनीच्या सवयीनं मुका. बघतो तर अक्काचे सात फोन. केडगावला पोचलो तवा तीन तास उलटलेले, आन् ती परतीच्या गाडीनं कुर्डुवाडीला निघून गेलेली. चहावाल्याकडं माझ्यासाठी अनारशांचा डबा ठेवलेला. नवी साडी नेसून आली हुती, म्हणाला. दाजी, लई लाज वाटली. आई गेल्यावर हिनंच मला न्हाऊमाखू घातलं, आन् मी तिला बाकावर बसवून डावे टायर हुडकत हिंडलो. तवापासून ती फोन उचलत न्हाई.

तुमचा मेहुणा,
विक्रम

ता. क. चाचांची माफी मागून तेच टायर घेतले. डाव्या दोन्हींवर त्यांनी खडूनं एल लिहून दिलं.

ता. क. दुसरा : तुमची पत्रं अक्काच आधी फोडती, म्हणून तर पत्र लिहिलं. अक्का, चुकलो गं. रविवारी न्यायला येतोय, टेशनावर न्हाई, दारात. ओवाळू नको, शिव्या दे, पण बोल.

ता. क. तिसरा : दाजी, हे तुमच्या हातात आलं असंल, तर तिनंच दिलं असणार. देताना तोंड कसं हुतं, तेवढं कळवा.