प्याद्याची वेणी

प्रिय दादा,

पाकीट उघडून आधी खालची सही बघितली असशील, तुझी खोड मला माहीत आहे. तर हो, मीच. रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. भाजीत मीठ दोनदा पडतंय, ऑफिसात कुणी हाक मारली तरी दचकते आहे. गेलेल्या माणसाला पत्र कसं लिहितात ते मला येत नाही, म्हणून जे घडलं ते सरळ सांगते.

मी बुद्धिबळाची पंच झाले आहे. हसू नकोस. खेळायला मी कधीच बरी नव्हते, पण दुसऱ्याच्या चुका काढण्यात लहानपणापासून पटाईत. रविवारी शाळांच्या स्पर्धा होत्या. एका टेबलावरून मुलाने हात वर केला. त्याची तक्रार अशी की समोरच्या मुलीने प्याद्याला हात लावला आणि चाल केली घोड्याची. हात लावला तो मोहरा खेळायचा, हा नियम. नुसता नीट ठेवायचा असेल तर आधी तसं सांगावं लागतं. मुलगी तुझ्यासारखी, ऐकू न येणाऱ्यांच्या शाळेतली. तिच्या बाई सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांना बोलवायला मी वळणार तेवढ्यात तिनं माझी बाही ओढली आणि हातांनी भराभर सांगू लागली. 'प्यादं नीट करते असं मी आधी खुणेने सांगितलं होतं, यालाच कळलं नाही.' 'प्यादं' म्हणताना तिनं खांद्यावरून वेणी पुढे घेतली आणि तिला दोन हिसके दिले. मुलीचे केस बारीक कापलेले होते. वेणी नव्हतीच.

दादा, तक्रार करणारा मुलगा माझ्याकडे बघतोय, घड्याळ चालू आहे, आणि मी पंच असून खांबासारखी उभी. ती वेणी माझी होती. ती खूण जगात फक्त तुला आणि मला माहीत होती.

घरात हातवारे करायला बंदी होती, ती मी अजून विसरलेले नाही. "तोंड दिलंय ना, मग तोंडाने बोल," हे बाबांचं दिवसातून शंभरदा. जेवतानासुद्धा तू एक हात मांडीखाली दाबून बसायचास. पटासमोर मात्र आपले हात मोकळे असत, कारण पोरं खेळतायत असं बाबांना वाटायचं. तिथे तू सगळं घर मोहऱ्यांमध्ये बसवलंस. राजा म्हणजे बाबा, ओठांवर बोट आपटायचं. वजीर आई, कामाला लागण्याआधी अंबाडा घट्ट करणारी. उंट म्हणजे शेजारचा कंपाउंडर, त्याची टोपी कायम तिरकी. घोडा आत्या, कारण ती सरळ बोलता बोलता शेवटी हमखास कुठेतरी वळायची. हत्ती म्हणजे आपलं लोखंडी कपाट. आणि मी प्यादं. मी किती चिडले होते. लहान आहेस आणि मागे हटत नाहीस, असं म्हणून तू माझी समजूत काढली होतीस.

मी त्या मुलीच्या बाजूने निकाल दिला. डाव संपल्यावर तिला एकेक मोहरा दाखवून नाव विचारलं. तिनं ओठांवर बोट आपटलं, अंबाडा घट्ट केला, टोपी तिरकी केली. बाईंना विचारलं, या खुणा कुठल्या? त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे आधीपासून अशाच आहेत. सुतारकाम शिकवणाऱ्या सरांनी सुरू केल्या, आता सगळी मुलं तेच करतात." सर स्पर्धांना येत नाहीत म्हणे. बाईंच्या मोबाइलवर शाळेचा फोटो होता. मागच्या रांगेत, कानावर पेन्सिल अडकवलेला, केस पिकलेला तू. आणि हसतोयस.

पंचांच्या शिबिरात एका म्हाताऱ्या पंचांनी मोहऱ्यांच्या नावांची गंमत सांगितली होती. आपला उंट इंग्रजांकडे धर्मगुरू होतो, फ्रेंचांकडे विदूषक, जर्मनांकडे धावणारा, तर रशियनांकडे तो हत्ती. मग आपल्या हत्तीचं काय, तर त्यांच्याकडे ती नाव, पाण्यातली. युरोपात गेल्यावर वजिराची राणी झाली. आणि स्पॅनिश लोक त्या उंटाला अजून हत्तीच्या अरबी नावानं हाक मारतात, पण बोलणाऱ्याला त्यात हत्ती दिसत नाही. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता तुझ्या शाळेतली पोरं आपल्या आईचा अंबाडा रोज बांधतात आणि ती कोण हे त्यांच्या गावीही नाही. मला रडू येतं आणि तुझा इतका संताप येतो की समोर असतास तर पट डोक्यात घातला असता. तू घर सोडून गेलास तेव्हा आम्ही तुला दवाखान्यांत शोधलं, नदीकाठी शोधलं. पाहुण्यांसमोर बाबांनी तुझे दोन्ही हात धरून ठेवले, त्याचा राग मला समजतो. पण मी काय केलं होतं? दोन ओळी मला लिहायला काय झालं होतं?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांना घर विकायचं आहे. त्यावर तुझाही हक्क आहे, म्हणून वकिलाने तुला मृत ठरवण्याचा अर्ज केला आहे. आई इतके महिने सही करत नव्हती. स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी तिने ती केली, आणि तेव्हापासून ती कुणाशी धड बोललेली नाही. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या गुरुवारी मला कोर्टात शपथेवर सांगायचं आहे की तुझी काहीही खबर नाही आणि तू जिवंत नाहीस असं आम्ही मानतो. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी कुणाला तुझा पत्ता देणार नाही. आमच्यासाठी मेलेलंच राहायचं असेल, तर तसं तुझ्या हाताने लिहून पाठव. मी शपथ घेऊन खोटं बोलेन. पण तुझं काहीच आलं नाही, तर मी खरं ते सांगणार आहे, आणि तेव्हा आई समोरच्या बाकावर बसलेली असेल.

तुझीच,
धाकटी